एका नावाची अनेक गावे: भौगोलिक डेटाबेस जोडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या गावांच्या नोंदी जनगणनेच्या यादीत आहेत, केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेत (आम्ही तिला एलजीडी म्हणतो) आहेत, जिओनेम्स या जगभरच्या ठिकाणांच्या यादीत आहेत, ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावर आहेत आणि विकिडेटा या विकिपीडियाच्या भावंड-प्रकल्पावरही आहेत. या यादीतले पिंपळगाव म्हणजे त्या यादीतले नेमके कोणते पिंपळगाव, हे ठरवून दोन्ही नोंदी एकमेकींना जोडणे हे आमचे काम. नवीन येणारे स्वयंसेवक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तिथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

नोंदी जोडल्याने कुणाला काय मिळते?

लोकसंख्या जनगणनेकडे, नकाशावरची जागा ओपनस्ट्रीटमॅपकडे, ग्रामपंचायतीचा कोड एलजीडीकडे आणि गावाची वेगवेगळ्या लिप्यांतली नावे विकिडेटाकडे असतात. जोड पडली की हे सगळे एकाच गावाबद्दल बोलू लागते. टँकर कुठे पाठवायचा, शाळा वस्तीपासून किती लांब आहे, पूररेषेत किती घरे येतात, असे प्रश्न तेव्हाच नीट विचारता येतात. चुकीची जोड पडली तर एका गावाची माणसे कागदावर दुसऱ्या गावात राहायला जातात. म्हणून आमच्याकडे वेगापेक्षा खात्रीला मान आहे.

संदिग्ध नोंद कशाला म्हणायचे?

जिला एकापेक्षा जास्त जोडीदार शोभतात ती. बहुतेक वेळा नाव एक आणि गावे अनेक, असा प्रकार असतो. कर्जत घ्या. एक रायगड जिल्ह्यात, बोरघाटाच्या पायथ्याशी, मुंबई-पुणे रेल्वेमार्गावर. दुसरे अहिल्यानगर जिल्ह्यात. दोन्ही तालुक्याची ठिकाणे, दोन्ही शहरे आणि अक्षांशही जवळपास सारखे. फरक दिसतो तो रेखांशात: पहिले ७३ अंशांच्या थोडे पुढे, दुसरे ७५ अंशांच्या आसपास. मालेगाव नाशिकमध्ये आहे आणि वाशिममध्येही. आष्टी बीडमध्ये आहे आणि वर्ध्यातही. खेड रत्नागिरीत आहे आणि पुण्यातही. पण पुण्याच्या खेड तालुक्याच्या मुख्य गावाला आता राजगुरुनगर म्हणतात.

याच्या उलट, गाव एक आणि नावे अनेक असेही होते. पुणे जिल्ह्यातल्या शिरूरला जुनी माणसे आजही घोडनदी म्हणतात. तिसरा प्रकार सगळ्यात फसवा: नाव एकच, पण त्या नावाच्या वस्तू वेगळ्या जातीच्या. त्याबद्दल पुढे रायगडच्या प्रश्नात.

नाव आणि जिल्हा जुळला की पुरे ना?

नाही. ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

रायगड जिल्ह्यात महाड आहे. चवदार तळ्याचे, १९२७ च्या सत्याग्रहाचे महाड. त्याच जिल्ह्यात खालापूर तालुक्यात महड आहे, अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचे. मराठीत एका कान्याचा फरक. इंग्रजी यादीत मात्र दोघांचे स्पेलिंग तंतोतंत एकच. माझ्यासमोर इंग्रजी यादी होती, जिल्हा जुळत होता, आणि मी वरदविनायकाच्या मंदिराचे छायाचित्र महाड शहराच्या नोंदीला लावून मोकळा झालो. काही महिन्यांनी महाडच्या एका वाचकाने कळवले, "दादा, हे देऊळ आमच्याकडचं नाही. ते खोपोलीजवळचं महड." दोन्ही ठिकाणांमध्ये सरळ रेषेतसुद्धा पाऊणशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे. मराठी नाव एकदा पाहिले असते तर चूक झालीच नसती.

त्या दिवसापासून माझा नियम ठरला: इंग्रजी यादीवरून काम करत असलात तरी जोड टाकण्याआधी देवनागरी नाव शोधायचेच.

मग तालुका जुळला तर चालेल?

बहुतेक वेळा चालते. आपल्या लोकांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पोस्टकार्डावर आपण नुसते गावाचे नाव कधी लिहिले नाही. मु. पो. अमुक, ता. तमुक, जि. ढमुक, असेच लिहीत आलो. डेटाबेसवाले ज्याला संयुक्त की म्हणतात ती हीच. त्यामुळे आमच्या प्रत्येक तक्त्यात गाव, तालुका आणि जिल्हा असे तीन रकाने सक्तीचे आहेत, आणि नावांची तुलना आम्ही फक्त एका तालुक्याच्या आत करतो. आख्ख्या राज्याच्या यादीत 'वडगाव' शोधायला बसलात तर दिवस जाईल आणि हाती काही लागणार नाही.

पण दोन अडचणी उरतात. पहिली, तालुक्याचे नाव आणि तालुक्याच्या गावाचे नाव वेगळे असू शकते. मावळचे मुख्य ठिकाण वडगाव, मुळशीचे पौड, माणचे दहिवडी, खटावचे वडूज, जावळीचे मेढा. एखाद्या यादीत 'मुळशी' असे लिहिले असेल तर ते तालुक्याबद्दल आहे, गावाबद्दल आहे की धरणाबद्दल, हे आधी ठरवा. खटावमध्ये आणखी एक पेच आहे: खटाव नावाचे गावही त्याच तालुक्यात आहे.

दुसरी अडचण, एकाच तालुक्यात सारख्या नावाची दोन गावे. आंबेगाव तालुक्यात पिंपळगाव तर्फे घोडा आहे आणि पिंपळगाव तर्फे महाळुंगेही आहे. 'तर्फ' हा जुना महसुली विभाग. सरकारी इंग्रजी यादीत त्याचे 'टी.' एवढेच उरते, आणि एखादा स्वयंसेवक ते टायपिंगची चूक समजून पुसून टाकतो. मग दोन पिंपळगावांमध्ये फरक उरत नाही. हवेली तालुक्यात उरुळी देवाची आणि उरुळी कांचन ही दोन गावे आहेत. रेल्वे स्टेशनच्या पाटीवर मात्र नुसते 'उरुळी' लिहिलेले असते, आणि ते कांचनचे.

अशा वेळी शेजार पाहा. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात: पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. गावालाही तीच पद्धत लावा. नोंदीच्या आसपासच्या चार गावांची नावे काढा आणि दुसऱ्या यादीतल्या उमेदवाराच्या आसपासची चार गावे काढा. तीन जुळली तर जवळपास पक्के. नावे दोन ठिकाणी सारखी असू शकतात, पण सगळा शेजार दोन ठिकाणी सारखा सहसा नसतो.

बुद्रुक, खुर्द, मौजे हे शब्द काढून तुलना केली तर जुळणी वाढते. काढू का?

बुद्रुक आणि खुर्द कधीही काढू नका. फारसी 'बुजुर्ग' म्हणजे मोठे, त्याचे आपण बुद्रुक केले. खुर्द म्हणजे धाकटे. ही जोडगावे बहुधा एकमेकांना लागून असतात, मध्ये कधी नुसता ओढा असतो. कोंढवा बुद्रुक आणि कोंढवा खुर्द, वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द, आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द: पुण्याच्या परिसरातच अशा किती जोड्या आहेत. इथे अंतराचा उपयोग नाही आणि शेजारही दोघांचा जवळपास एकच. ओळख फक्त त्या एका शब्दात आहे. तोच काढला तर हातात काय राहिले?

'मौजे' मात्र बिनधास्त काढा. तो महसुली कागदावरचा गावाच्या नावाआधीचा शब्द आहे, नावाचा भाग नाही.

बु., खु., बीके., केएच. ही सगळी लघुरूपे आधी पूर्ण करून घ्या. 'त.' आणि 'प्र.' (प्रगणे, हाही जुना महसुली विभाग) बाबत घाई नको. 'त.' हे तर्फ आहे की तालुका, हे संदर्भावरूनच कळते.

वडगाव शेरी, वडगाव निंबाळकर, पेठ वडगाव, पिंपळगाव बसवंत, शिरूर कासार, शिरूर अनंतपाळ, शिरूर ताजबंद, जळगाव जामोद, कारंजा घाडगे: यांत गावाच्या नावाला लागून आलेला जादा शब्द लोकांनी मुळात गोंधळ टाळायलाच जोडला होता. कुणाचे घराणे, कुठली वतनदारी, कसला व्यवसाय. तो आपल्या कामाचा सगळ्यात मोठा आधार आहे.

स्पेलिंग थोडे वेगळे आहे. किती फरक चालवून घ्यायचा?

फरक किती अक्षरांचा आहे यापेक्षा कसला आहे हे पाहा. दोन शब्दांत किती अक्षरे बदलावी लागतात हे मोजणारी लेव्हेनश्टाइनची पद्धत बहुतेक साधनांत असते. पण मराठी नावांवर ती आंधळेपणाने लावली की फसवते. तिच्या मते अकोला आणि अकोले यांच्यात एका अक्षराचा फरक. प्रत्यक्षात एक विदर्भातले जिल्ह्याचे ठिकाण, दुसरे सह्याद्रीच्या कुशीतला तालुका. उलट गोव्यातली डिचोली इंग्रजीत पोर्तुगीज वळणाने 'बिचोलिम' होते, साखळी 'सँक्वेलिम' होते, कुठ्ठाळी 'कॉर्टालिम' होते. अक्षरे मोजली तर ही वेगळी गावे ठरतील. आहेत मात्र तीच.

काही फरक निर्धास्तपणे दुर्लक्षित करता येतात. जुन्या लेखनातला 'गांव'वरचा अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी गेला, पण जुन्या याद्यांत तो अजून दिसतो. मराठीत गावाच्या नावातला 'पूर' दीर्घ, हिंदी यादीत 'पुर' ऱ्हस्व. जनगणनेच्या इंग्रजी यादीत बीडचे 'बिड' आणि गोंदियाचे 'गोंदिया'च पण 'वाय' घालून. हे सगळे आधी एका साच्यात आणून मग तुलना करा.

ल आणि ळ यांचा फरक मात्र साच्यात घालू नका. नाशिकचे ते मालेगाव. नांदेड जिल्ह्यात खंडोबाची मोठी यात्रा भरते ते माळेगाव, आणि बारामतीजवळ साखर कारखान्याचे तेही माळेगाव. इंग्रजीत तिन्ही एक. हिंदीतून आलेल्या यादीत 'ळ'चा 'ल' झालेला असतो, त्यामुळे देवनागरी दिसली म्हणूनही विसंबू नका. ती देवनागरी कुठून आली ते पाहा.

दोन नोंदींचे अक्षांश-रेखांश जवळजवळ आहेत. जोडू?

'जवळजवळ' म्हणजे किती, यावर सगळे अवलंबून आहे. जरा हिशेब करू. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत ओसाड गावे धरून ४३ हजारांहून अधिक गावे. म्हणजे सरासरी एका गावाच्या वाट्याला सुमारे ७ चौरस किलोमीटर, आणि एका गावाच्या मध्यापासून शेजारच्या गावाचा मध्य सरासरी अडीच-पावणेतीन किलोमीटरवर.

आता जुन्या नोंदींकडे पाहा. जिओनेम्समधल्या अनेक गावांची जागा अंश आणि मिनिटांपर्यंतच दिलेली होती, सेकंद नाहीत. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे १.८५ किलोमीटर, आणि आपल्याकडे रेखांशाचे एक मिनिट साधारण पावणेदोन किलोमीटर. नुसत्या पूर्णांकनामुळे बिंदू सव्वा किलोमीटरपर्यंत सरकू शकतो. म्हणजे तो बरोबर दोन गावांच्या शिवेवर जाऊन बसतो. अशा बिंदूच्या सगळ्यात जवळचे गाव तेच असेल याची खात्री नाही.

कोकणात आणखी वेगळे. एकाच महसुली गावाच्या वाड्या डोंगरउतारावर दूरदूर विखुरलेल्या असतात. कुणी मराठवाडीचा बिंदू टाकतो, कुणी देवळाजवळचा, कुणी गावाच्या हद्दीचा गणिती मध्य काढतो, आणि तो मध्य जंगलात पडतो. तिन्ही बिंदू बरोबर, तरी एकमेकांपासून लांब.

म्हणून अंतराचा उपयोग आम्ही मुख्यतः नाकारण्यासाठी करतो. नाव जुळते पण अंतर ४० किलोमीटर, तर ते गाव ते नव्हे. अंतर कमी आहे पण नाव अजिबात जुळत नाही, तर नुसत्या जवळीकीवर जोड टाकत नाही.

यादीत 'रायगड' आहे. कशाला जोडू?

आधी विचारा, कुठला रायगड? एक किल्ला, महाड तालुक्यातला, शिवछत्रपतींच्या राजधानीचा. एक जिल्हा, जो १९८१ पर्यंत कुलाबा होता आणि ज्याचे मुख्यालय अलिबाग आहे. रायगड नावाचे जिल्ह्याचे शहर महाराष्ट्रात नाहीच. आणि छत्तीसगडमध्ये रायगढ नावाचे शहर आहे, जिल्हाही आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या रायगडचे इंग्रजी स्पेलिंग छत्तीसगडच्या रायगढसारखेच छापले आहे. नुसत्या इंग्रजी नावावर जोडणारे साधन आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या छत्तीसगडला नेऊन ठेवू शकते.

सिंधुदुर्गचेही असेच. मालवणच्या समुद्रातला किल्ला वेगळा, १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झालेला जिल्हा वेगळा.

जोडण्याआधी नोंदीचा प्रकार पाहण्याची सवय लावा. जिओनेम्समध्ये प्रशासकीय विभागांना 'ए' वर्ग असतो आणि वस्त्यांना 'पी'. विकिडेटावर 'हे काय आहे' असे सांगणारे विधान असते. प्रकार जुळत नसेल तर नाव कितीही जुळो, जोड नाही.

महसुली गाव, गावठाण, ग्रामपंचायत: तीन वेगळ्या नोंदी ठेवायच्या का?

हो. राज्यात ग्रामपंचायती सुमारे २८ हजार आणि महसुली गावे चाळीस हजारांच्या वर. इथेच दिसते की दोन्ही एक नाहीत. गट ग्रामपंचायतीत दोन-तीन गावे असतात आणि नाव बहुधा एकाच गावाचे लागते. एलजीडीत गावाचा कोड वेगळा, ग्रामपंचायतीचा वेगळा. ग्रामपंचायतीची माहिती गावाला जोडली तर बाकीच्या गावांची माणसे आणि नळजोडण्याही त्या एका गावाच्या नावावर जमा होतात.

ओपनस्ट्रीटमॅपवर गावठाणाचा बिंदू आणि गावाची हद्द अशा दोन वस्तू असू शकतात. जनगणनेचा कोड हद्दीला लावा. कोड महसुली गावाचा असतो, शिवारासकट.

बेचिराख गावेही विसरू नका. महसुली दप्तरात गाव आहे, शेते आहेत, सातबारा निघतो, पण दिवा लावायला घर नाही. विदर्भात अशा गावांच्या नावापुढे 'रिठी' लावलेले दिसते. नकाशावर वस्ती सापडत नाही म्हणून स्वयंसेवक ते शेजारच्या, सारख्या नावाच्या वस्तीच्या गावाला जोडतात. जनगणनेत लोकसंख्या शून्य दिसली तर थांबा. शून्य हीसुद्धा माहिती आहे.

कोडवरून जोडले तर नावाची कटकटच नाही ना?

कोड कुणाचा आहे हे माहीत असेल तर. पुणे जिल्ह्याचा २०११ च्या जनगणनेतला कोड ५२१. एलजीडीतला ४९०. आणि जनगणनेत ४९० म्हणजे गुजरातमधला नवसारी. रकान्याच्या डोक्यावर नुसते 'जिल्हा कोड' लिहिले असेल, तर पुण्याचे लोक नवसारीला जातील आणि संगणक हूं की चूं करणार नाही, कारण दोन्ही कोड खरे आहेत. गावांचे सहा आकडी कोड पुष्कळ ठिकाणी दोन्हीकडे सारखे आहेत. त्यामुळे माणूस गाफील राहतो आणि जिल्ह्यापाशी फसतो.

रकान्याचे नाव पूर्ण लिहा: 'जनगणना २०११ जिल्हा कोड'. वर्षसुद्धा हवे, कारण २००१ चे कोड वेगळे आहेत. पिनकोडला मात्र ओळख समजू नका. एक पिन अनेक गावांचा असतो. तो पत्र पोचवण्यासाठी आहे.

नाव बदलले, जिल्हा बदलला. जुनी नोंद नवी करायची का?

नाव बदलल्याने गाव बदलत नाही. नोंद तीच, नाव नवे, जुने नाव पर्यायी म्हणून ठेवा. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावे २०२३ मध्ये आली, अहिल्यानगर २०२४ मध्ये. जुने अहवाल जुन्या नावानेच येणार, म्हणून जुने नाव शोधात सापडलेच पाहिजे. आणि कृपा करून आख्ख्या तक्त्यावर 'शोधा आणि बदला' चालवू नका. बिहारमध्येही औरंगाबाद आहे.

बेळगावबद्दल नेहमी विचारणा होते. कर्नाटक सरकारने २०१४ मध्ये अधिकृत नाव बेळगावी केले. मराठी माणसासाठी ते बेळगाव आहे. डेटाबेसमध्ये दोन्ही ठेवायला जागा आहे: मराठी लेबल बेळगाव, अधिकृत नाव बेळगावी, शिवाय इंग्रजी जुने रूप. एक पुसून दुसरे लिहिण्याचे कारण नाही.

जिल्हा बदलतो तेव्हा तारीख लिहा. जव्हार, मोखाडा, डहाणू, वसई हे तालुके १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते, त्यानंतर पालघरमध्ये. २०११ च्या जनगणनेत पालघर जिल्हा नाही. त्यामुळे 'जव्हार, ठाणे' आणि 'जव्हार, पालघर' हा विरोध नव्हे; दोन्ही आपापल्या काळी खरे. गोंदिया आधी भंडाऱ्यात, वाशिम अकोल्यात, हिंगोली परभणीत आणि नंदुरबार धुळ्यात होते हे लक्षात ठेवले, तर १९९८-९९ च्या आधीच्या याद्या वाचताना अर्धे गोंधळ आपोआप सुटतात.

गावच हलले असेल तर?

हा मला सगळ्यात अवघड वाटणारा प्रश्न आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीचे पुनर्वसन नव्या जागी झाले. ३० जुलै २०१४ ला दरड कोसळून माळीण गाडले गेले, आणि वाचलेल्यांसाठी नवे माळीण दुसऱ्या जागी वसले. उजनीच्या पाण्यात जुने पळसदेव गेले; पाणी उतरले की पळसनाथाचे देऊळ वर येते. नोंद एक ठेवायची की दोन?

आमचा निर्णय असा. माणसे, ग्रामपंचायत आणि नाव सलग चालत आले असेल तर गावाची नोंद एकच. तिला दोन जागा, प्रत्येकीसोबत काळ. जुन्या जागेचे अवशेष, देऊळ किंवा स्मारक असेल तर त्याची नोंद वेगळी, वेगळ्या प्रकारची. नव्या गावाला नुसता नवा बिंदू देऊन जुना पुसून टाकणे मला पटत नाही. १९७१ च्या जनगणनेतले पळसदेव आजच्या बिंदूवर नव्हते.

शहरात विलीन झालेली गावे याच जातीची. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. त्यांतली फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुढे वगळून त्यांची स्वतंत्र नगर परिषद झाली. गावाची नोंद मिटवू नका. कुठल्या काळात कोणाच्या हद्दीत, एवढे लिहा.

विकिडेटावर माझ्या गावाच्या दोन-तीन नोंदी दिसतात. एकत्र करू का?

आधी त्या कुठून आल्या ते पाहा. सेबुआनो आणि स्वीडिश विकिपीडियावर एल्सजेबॉट नावाच्या सांगकाम्याने, म्हणजे आपोआप लेख लिहिणाऱ्या प्रोग्रामने, जिओनेम्सवरून लाखो ठिकाणांचे लेख तयार केले. त्या प्रत्येक लेखाची विकिडेटावर नोंद झाली. त्याच गावाची नोंद दुसऱ्या कुणी जनगणनेच्या यादीवरून आधीच केलेली असू शकते. म्हणून दुहेरी नोंदी दिसतात, आणि त्यांतल्या बऱ्याच खरोखर एकाच गावाच्या असतात.

पण सगळ्या नव्हेत. एक नोंद गावाची, दुसरी त्याच नावाच्या टेकडीची असू शकते. एक बुद्रुकची, एक खुर्दची असू शकते. एकत्र करायला एक क्लिक लागते. वेगळे करायला मात्र प्रत्येक विधान कुठल्या नोंदीचे होते ते इतिहासातून शोधत बसावे लागते, आणि तोवर इतरांनी त्या क्रमांकावर आपापल्या जोड्या टाकलेल्या असतात. तालुका, प्रकार, शेजार आणि जागा या चारही गोष्टी जुळल्या तरच एकत्र करा. वेगळ्या आहेत अशी खात्री झाली तर दोन्ही नोंदींवर 'याहून वेगळे' हे विधान घाला, म्हणजे पुढचा माणूस तीच चूक करणार नाही.

हे सगळे संगणकावर सोपवता येत नाही का?

बरेचसे येते. ओपनरिफाइनसारखे तक्ते साफ करण्याचे साधन वापरून तालुक्यागणिक गट पाडा, लघुरूपे उलगडा, नावे एका साच्यात आणा, प्रकार तपासा. तालुक्यात त्या नावाचा दोन्हीकडे एकेकच उमेदवार असेल तर साधन सुचवेल ते बहुधा बरोबर असते. राज्याच्या बाहेर मात्र त्याला मोकळे सोडू नका. 'पूना' नावाचे गाव ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये आहे आणि 'बॉम्बे' न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या दक्षिणेला. जुनी इंग्रजी नावे घेऊन देश न सांगता शोधले तर ती हमखास पुढे येतात.

उरलेले काम माणसाचे, आणि पुष्कळदा फोनवरचे. एका पिंपळगावच्या नोंदीवर आम्ही अडलो होतो, तेव्हा ओळखीतून तिथल्या एका निवृत्त कोतवालांचा नंबर मिळाला. मी विचारले, "काका, तुमचं पिंपळगाव घोड्याचं की महाळुंग्याचं?" त्यांनी एका दमात शिवेवरची गावे, ओढा आणि जुनी वाट सांगितली. नकाशा समोर ठेवून मी ऐकत होतो; पाच मिनिटांत नोंद सुटली.

किती प्रयत्न केला तरी ठरत नाही. काय करू?

रकाना मोकळा ठेवा आणि का मोकळा आहे ते लिहा. 'दोन उमेदवार, दोन्ही एकाच तालुक्यात, मूळ यादीत तर्फ दिलेली नाही' एवढे वाक्य पुढच्या माणसाचे दोन तास वाचवते. आमच्याकडे पक्की, संभाव्य आणि अनिर्णित अशा तीन खुणा आहेत. संभाव्य जोड बाहेरच्या कुठल्याही डेटाबेसमध्ये जात नाही, आमच्या तक्त्यातच राहते. मोकळा रकाना दिसतो, म्हणून कुणीतरी भरतो. चुकीचा भरलेला रकाना दिसत नाही.

एका ठिकाणची माहिती दुसरीकडे उचलून टाकली तर चालते?

परवाने वेगळे आहेत. विकिडेटावरची माहिती कुणालाही विनाअट वापरता येते, जिओनेम्सला श्रेय द्यावे लागते, ओपनस्ट्रीटमॅपचा परवाना श्रेयासोबत तशाच अटीही पुढे न्यायला सांगतो. म्हणून ओपनस्ट्रीटमॅपवरचे बिंदू घाऊक उचलून विकिडेटावर टाकू नका. ओळखक्रमांकाने जोड द्या.

माझ्या गावाची नोंद चुकीच्या गावाला जोडलेली आहे. कळवायचे कसे?

आम्हाला चार गोष्टी लिहून पाठवा: गावाचे नाव तुम्ही बोलता तसे देवनागरीत, तालुका, तुमच्या गावाला लागून असलेली चार गावे आणि कोणत्या बाजूला कोणते, आणि गावाला आणखी एखादे नाव असेल तर ते. सातबाऱ्याच्या डोक्यावर गावाचे नाव जसे छापले आहे तसे उतरवून पाठवलेत तर फारच चांगले. पण खातेदाराचे नाव आणि गट क्रमांक पाठवू नका, त्यांची आम्हाला गरज नाही. पत्र आले की आम्ही जोड आधी काढतो, मग तपासतो. नवी जोड पक्की झाली की तुम्हाला दोन्ही नोंदींचे क्रमांक कळवतो, म्हणजे तुम्हालाही उघडून पाहता येईल.